ओल आणि बुरशी तपासून देणारी सेवा : ठाण्यातल्या एका घराचा अनुभव

घरी येऊन ओल आणि बुरशी तपासून देणारी ठाण्यातील एक सेवा मी गेल्या ऑगस्टमध्ये घेतली. तपासणीचे शुल्क ३५०० रुपये होते, काम अडीच तास चालले आणि तिसऱ्या दिवशी छायाचित्रांसह अहवाल हाती आला. या सेवेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण जे आवडले ते बरेचसे आमच्याकडे आलेल्या एका तंत्रज्ञाच्या कसबामुळे आवडले आणि जे खटकले ते त्यांच्या कार्यालयाच्या विक्रीच्या पद्धतीमुळे खटकले. नाव दिले तर दोहोंपैकी एकावर अन्याय होईल. कुबट वासाचा माग कसा काढायचा, कोणता डाग बुरशीचा आणि कोणता नाही, आणि ‘विषारी बुरशी’ हे शब्द अहवालात दिसले तर त्यांचे काय करायचे, हे मात्र सविस्तर लिहिते. पैसे मोजण्याआधी मला हे कोणी सांगितले असते तर बराच खर्च आणि त्याहून जास्त धास्ती वाचली असती.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारत अठरा वर्षांची आहे. जुलैअखेर आम्ही सगळे दहा दिवस चिपळूणला गेलो होतो. परतल्यावर दार उघडताच जो वास आला त्याने उंबऱ्यातच पाय थांबले. पावसात भिजलेले गोणपाट कोपऱ्यात गुंडाळून ठेवावे आणि महिन्याने उलगडावे, तसा तो वास होता. सासूबाई म्हणाल्या, “घर बंद होतं म्हणून कोंदलंय, खिडक्या उघडा.” खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि अर्ध्या तासात आम्हा कोणालाच वास येईनासा झाला. वास गेला अशी आमची समजूत झाली. प्रत्यक्षात आमची नाके सरावली होती. सतत येणाऱ्या वासाची जाणीव काही मिनिटांतच बोथट होते, आणि म्हणूनच घरच्या माणसांना आपल्या घराचा वास सगळ्यांत शेवटी कळतो. संध्याकाळी नणंद आल्या आणि चपला काढता काढताच त्यांनी विचारले, “वहिनी, कुठे पाणी झिरपतंय का?” त्या प्रश्नानंतर एक गोष्ट लख्ख आठवली. लहानपणापासून दम्याचा त्रास असलेली आमची मुलगी जूनपासून पहाटे पहाटे खोकत होती, आणि ठाण्याइतक्याच दमट चिपळुणात ती दहा दिवसांत एकदाही खोकत उठली नव्हती.

वेळ ठरवताना फोनवर दिलेल्या सूचनांवरूनच ही माणसे काम जाणतात असे वाटले. आदल्या दिवसापासून उदबत्ती किंवा धूप लावू नये, फरशी फिनेलने पुसू नये, कपाटांतल्या डांबराच्या गोळ्या काढून बाहेर ठेवाव्यात, रात्रभर कपाटे आणि खोल्यांची दारे बंद ठेवावीत आणि एसी लावू नये, अशा त्या सूचना होत्या. पहिल्या चार नाकासाठी होत्या. एसी बंद ठेवण्याचे कारण वेगळे होते. उष्णतेचे चित्र दाखवणारा कॅमेरा प्रत्यक्षात ओल दाखवत नाही, तो फक्त भिंतीवरचे थंड आणि गरम भाग दाखवतो. ओल्या जागी पाण्याची वाफ होत राहिल्याने ती जागा थंड दिसते, पण एसीच्या झोतामुळे गार पडलेली कोरडी भिंतही तशीच दिसते. कॅमेरा आणून एसीबद्दल न विचारणाऱ्या तपासनिसाच्या चित्रांवर विश्वास ठेवू नये, असे मी आता खात्रीने म्हणेन.

आलेले तंत्रज्ञ पन्नाशीचे गृहस्थ होते. पहिला पाऊण तास त्यांनी पिशवीतून बॅटरीखेरीज काहीच काढले नाही. प्रत्येक खोलीचे दार उघडून ते क्षणभर दारातच उभे राहत, मग बाहेर गॅलरीत जाऊन मोकळी हवा घेत आणि परत येत, म्हणजे नाक ताजे राहते. त्यानंतर ते खाली वाकून भिंत आणि फरशी यांच्या सांध्याशी, सिंकखालच्या कप्प्याशी, आणि मला सर्वांत नवल वाटले ते म्हणजे विजेच्या बोर्डांच्या प्लगच्या छिद्रांशी नाक नेत होते. भिंतीच्या आतल्या पोकळीतली हवा याच छिद्रांतून खोलीत येते, त्यामुळे आत काही सडत किंवा बुरसत असेल तर पहिला सुगावा तिथे लागतो, असे त्यांनी सांगितले. मुलीच्या खोलीतल्या पलंगाशेजारच्या बोर्डापाशी त्यांनी मला बोलावले. “ताई, इथे बघा वास घेऊन.” तोच गोणपाटाचा वास होता, पण दाट, आणि त्याच्या मागे कच्च्या अळंबीसारखी एक छटा होती.

वासांची त्यांनी केलेली फोड या भेटीचे खरे मोल होते. बुरशीचा वास मातकट, शिळा आणि जड असतो, आणि तो कपड्यांना, कागदाला, गादीला धरून राहतो. त्यातला मातकटपणा बहुधा जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसात मातीतून जो सुगंध येतो त्यातही हेच द्रव्य असते आणि ते हवेत अत्यल्प असले तरी माणसाच्या नाकाला कळते. अळंबीसारखी छटा बुरशी सोडत असलेल्या एका अल्कोहोलची असते. नाहणीतल्या जाळीखालचे पाणी आटले की गटाराचा जो वास येतो तो सडक्या अंड्यासारखा असतो आणि तांब्याभर पाणी ओतले की थांबतो. मेलेल्या उंदराचा वास गोडसर, मळमळ आणणारा असतो आणि काही दिवसांत ओसरतो. नव्या प्लायवूडचा वास डोळ्यांना झोंबतो. कुबट वास मात्र पाऊस वाढला की वाढतो, दार बंद ठेवले की वाढतो आणि आपणहून कधी जात नाही. त्याच दमात त्यांनी एक मर्यादाही सांगितली आणि ती मला प्रामाणिकपणाची खूण वाटली: वासावरून बुरशी आहे हे कळते, कोणती आहे हे कळत नाही, ती विषारी आहे का हे तर मुळीच कळत नाही, आणि सुकून पडलेल्या बुरशीला कधी कधी वासच नसतो.

मग डाग पाहणे सुरू झाले. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली की बुरशीचा लवदार पोत उठून दिसतो, समोरून धरली तर तो सपाट डागासारखा भासतो. बाथरूमच्या टाइलांच्या सांध्यांतले काळे ठिपके वाफ साचून आलेली साधी बुरशी निघाली, बहुधा क्लॅडोस्पोरियम, जी जवळजवळ प्रत्येक घरात असते. नळाभोवतीचा गुलाबी बुळबुळीत थर मी बुरशी समजत होते. तो जिवाणूंचा असतो. गॅलरीच्या भिंतीवर पांढरी पूड फुटली होती. तिच्यावर त्यांनी पाण्याचा एक थेंब सोडला, पूड विरघळून गेली, म्हणजे तो लोणा होता, सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर आले होते. पांढरी बुरशी पाण्याने अशी विरघळत नाही. लोणा स्वतः बुरशी नसला तरी त्या भिंतीतून पाणी ये-जा करते आहे, याची ती पावतीच असते. देवघरावरच्या काळ्या पट्ट्याची सासूबाईंना मोठी काळजी होती. तिथे त्यांनी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचचा थेंब कापसाने टेकवला आणि दोन मिनिटे थांबले. बुरशीचा डाग असता तर तो फिकटला असता. हा होता तसाच काळा राहिला आणि कापसाला तेलकट लागला. ती समईची काजळी होती. सासूबाईंनी लगेच पदराने हात पुसून देवाला नमस्कार केला.

आता मुलीच्या कपाटाकडे येते. हे प्लायवूडचे कपाट भिंतीला पक्के बसवलेले असून त्याच्या मागची भिंत विटांची नाही, ती दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेल्या जिप्समच्या पत्र्यांची आहे. अंतर्गत सजावट करताना नळ्या आणि तारा लपवण्यासाठी ती उभारली होती. कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले तेव्हा मागच्या फळीवर तिळाएवढे गोल ठिपके दिसले. वरच्या बाजूला ते सुटे होते, खाली एकमेकांत मिसळून हिरवट-राखाडी झाले होते, आणि कडेला मखमलीसारखी लव होती. चामड्याच्या पट्ट्यावर आणि चपलांवर निळसर बुरा चढला होता, जो पावसाळ्यात कोकणातल्या प्रत्येक घराने पाहिलेला असतो. ओल मोजण्याच्या यंत्राच्या दोन सुया फळीत टोचल्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. इथे त्यांनी आवर्जून सांगितले की या यंत्राचे आकडे लाकडासाठी बांधलेले असतात, भिंतीवर ते केवळ तुलनेसाठी वापरायचे, आणि लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे ते खोटेच जास्त दाखवतात. म्हणून एका जागेचा आकडा घेऊन घाबरायचे नसते. कोरड्या भागापासून सुरुवात करून आकडा कुठे चढतो आणि कुठे उतरतो, त्याचा नकाशा काढायचा असतो.

तो नकाशा काढला आणि माझा समज खोटा ठरला. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून गळती होते, असे गृहीत धरून मी वरच्या काकांना सोसायटीमार्फत दोन पत्रे पाठवली होती. पण छत कोरडे होते, बाहेरची भिंत कोरडी होती आणि ओल जमिनीपासून चार फुटांवर सुरू होऊन खाली पसरत होती. तंत्रज्ञांनी स्टुलावर चढून एसीच्या तबकात एक लिटर पाणी हळूहळू ओतले आणि आम्ही थांबलो. पंचवीस मिनिटांनी कपाटामागे चार फुटांवरचा आकडा चढला. भिंतीत लपवलेली एसीच्या पाण्याची नळी सांध्यातून सुटली होती. पावसाळ्यातल्या दमट हवेत एसी रात्रभरात कित्येक लिटर पाणी काढतो आणि ते सगळे गेले कित्येक महिने जिप्समच्या आत उतरत होते. त्याच संध्याकाळी मी वर जाऊन काकांची माफी मागितली.

भिंत उघडण्याआधी त्यांनी मुलीला आणि सासूबाईंना शेजारी पाठवले, पंखा बंद केला, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवली आणि मला एन-९५ मास्क दिला. वीतभर चौकोन कापून बाहेर काढला. त्याच्या मागच्या कागदावर जे दिसले ते कपाटातल्या ठिपक्यांहून अगदी वेगळे होते. लव नव्हती, मखमल नव्हती. काजळात पाणी मिसळून बोटाने माखावे तसा काळा, कडेला हिरवट, ओलसर चकाकणारा थर होता. मास्कमधूनही वास जाणवत होता. अशा रूपाची आणि अशा जागी वाढणारी बुरशी म्हणजे स्टॅकिबॉट्रिस असण्याचा संभव बराच असतो. तिला जिप्समवरचा कागद, पुठ्ठा, वॉलपेपर यांसारखे लाकडाच्या लगद्यापासून बनलेले पदार्थ लागतात आणि तिथे दिवसेंदिवस न सुकणारे पाणी लागते. नुसत्या दमट हवेवर ती सहसा वाढत नाही. ओली असताना तिचे बीजाणू चिकट असतात आणि सहज उडत नाहीत. सुकल्यावर खरवडले किंवा झटकले की ते हवेत पसरतात. डाग दिसताच कोरड्या झाडूने झाडण्याची आपली सवय म्हणूनच घातक आहे.

इथपर्यंतच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देते. पुढच्या कामाबद्दल मात्र तक्रार आहे.

अहवालाच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत ‘विषारी काळी बुरशी आढळली’ असे छापले होते. तोपर्यंत कोणताही नमुना प्रयोगशाळेत गेलेला नव्हता. केवळ रंगावरून बुरशी विषारी ठरवता येत नाही. काळी दिसणारी बुरशी क्लॅडोस्पोरियम असू शकते, ॲस्परजिलस नायजर असू शकते किंवा आणखी काही; आणि हिरवी, पांढरी बुरशीही ॲलर्जी असलेल्या माणसाला तितकाच त्रास देऊ शकते. काही बुरशी मायकोटॉक्सिन नावाची विषद्रव्ये तयार करू शकतात हे खरे आहे, पण तीच बुरशी प्रत्येक वेळी ती तयार करतेच असे नाही. स्टॅकिबॉट्रिसची एवढी दहशत पसरण्यामागे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातल्या १९९३-९४ मधील तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाच्या घटना आहेत. त्यांचा संबंध प्रथम या बुरशीशी जोडला गेला होता, परंतु तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, २००० साली फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नाही असे जाहीर केले. घरात बुरशी दिसली तर तिची जात शोधण्यासाठी तपासणी करण्याची सहसा गरज नाही, कोणतीही असली तरी ती काढून टाकावी आणि पाणी थांबवावे, अशी या संस्थेची भूमिका आहे.

बुरशीला क्षुल्लक समजावे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी आणि दमा वाढतो हे स्पष्ट म्हटले आहे. किती बुरशी सुरक्षित, याचा कोणताही आकडा मात्र दिलेला नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल बुरसलेल्या घरात दीर्घकाळ राहिल्यामुळे दगावले, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने २०२२ मध्ये काढला, आणि त्यानंतर तिथे स्वस्त भाड्याची सामाजिक घरे देणाऱ्या पालिका आणि गृहसंस्थांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीचे बंधन घालणारा कायदा आला. धोका ओलीत आणि काळाच्या लांबीत आहे. ‘विषारी’ या शिक्क्याने घरच्यांची झोप उडते, पण तुटलेली नळी कुठे आहे हे त्यातून कळत नाही.

आमच्या घरी त्या लाल अक्षरांनी आणखी एक गोंधळ केला. सासूबाईंच्या मनात २०२१ सालची ‘काळी बुरशी’ अजून ताजी आहे. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा डोळा त्या वेळी काढावा लागला होता. अहवाल वाचून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तो आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, वेगळ्याच गटातल्या बुरशीमुळे होतो. ती बुरशी स्वतः काळी नसते, तिच्यामुळे मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून ते नाव पडले, आणि अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचा भारी वापर, खचलेली प्रतिकारशक्ती अशा स्थितीत तो जडतो. भिंतीवरच्या काळ्या डागाने तो होतो ही समजूत चुकीची आहे. घरोघरी अहवाल देणाऱ्यांनी हे एका वाक्यात लिहायला हवे होते.

चौथ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. हवेच्या नमुन्याची चाचणी २८०० रुपयांना आणि संपूर्ण घरात औषधी धुरळणी २२,००० रुपयांना, असा प्रस्ताव होता. भीतीपोटी मी चाचणी करून घेतली आणि ती माझी चूक होती. नमुना फक्त मुलीच्या खोलीतून घेतला गेला. बाहेरच्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बीजाणू भरपूर असतात. त्याच वेळी बाहेरचा नमुना घेऊन ताडून पाहिल्याशिवाय आतल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मी तो मागितला तेव्हा त्याचे वेगळे पैसे लागतील असे उत्तर मिळाले. डागावरून पारदर्शक चिकटपट्टीने घेतलेला नमुनाही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात स्टॅकिबॉट्रिस निघाली. तंत्रज्ञांचा डोळा बरोबर होता, पण त्या नावाने दुरुस्तीच्या यादीतला एकही शब्द बदलला नाही. धुरळणी मी ठाम नाकारली. मेलेली बुरशीही ॲलर्जी घडवते, त्यामुळे ती जागेवर मारून ठेवण्यात लाभ नाही, ती काढावीच लागते. आणि पत्रा ओलाच राहिला तर ती पुन्हा येते. मुलीच्या छातीच्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला तो असा: “पाणी बंद झालं का?”

दुरुस्ती आम्ही आमच्या नेहमीच्या प्लंबरकडून आणि सुताराकडून करून घेतली. नळी बदलली आणि या वेळी ती उघडी ठेवली. डागाच्या पलीकडे दीड फुटापर्यंतचे जिप्सम कापून, दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्यांत तिथेच बांधून बाहेर नेले. कपाटाची मागची फळी आणि मुलीची गादी टाकून दिली. सनमायका लावलेले कप्पे साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवले. रंगारी डागावर बुरशीविरोधी रंग मारून द्यायला तयार होता. ओल्या, बुरसलेल्या भिंतीवर मारलेला रंग पोपडे होऊन पडतो, म्हणून भिंत पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच आठवडे, आम्ही ती उघडीच ठेवली. अमेरिकेतील पर्यावरण संस्था साधारण १० चौरस फुटांपर्यंतचा बुरशीचा डाग घरची माणसे काळजी घेऊन बहुतेक वेळा स्वतः साफ करू शकतात असे सांगते. आमचा त्याहून मोठा होता, म्हणून दोन्ही कारागिरांना मास्क आणि हातमोजे दिले. ब्लीच कोणी वापरणार असेल तर ते ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

दिवाळीनंतर तेच तंत्रज्ञ शुल्काशिवाय फेरतपासणीला आले. ही सोय मूळ ३५०० रुपयांतच आहे आणि कार्यालय आपणहून तिची आठवण देत नाही, फोन करून मागावी लागते. कपाटामागचे आकडे खोलीच्या इतर भिंतींइतकेच आले. कपाटात ठेवलेले आर्द्रतामापक ऑगस्टमध्ये ८४ टक्के दाखवत होते, ते ५८ वर आले होते. अर्थात यातला काही वाटा ऋतूचाही आहे. ते पुन्हा बोर्डाशी वाकले, गॅलरीत जाऊन आले आणि परत वाकले. मग मुलीलाच म्हणाले, “तू बघ आता.” तिने नाक टेकवले आणि म्हणाली, “नुसता रंगाचा वास येतोय, काका.”

तपासणीसाठी मी या माणसांना पुन्हा बोलावेन, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलावणारही आहे, कारण गॅलरीच्या भिंतीचा लोणा अजून तसाच आहे. हवेचा नमुना आणि धुरळणी मात्र घेणार नाही, हे वेळ ठरवतानाच सांगून ठेवले आहे.